बाईंची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा म्हणून, आणि खरं सांगते, मला ना इमारत आठवली ना गॅदरिंग, एकदम बाईच डोळ्यांसमोर आल्या. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण ते सांगायला लागत नाही. शिकवायच्या विज्ञान, पण बाहेर सगळे त्यांना ओळखायचे ते रक्तदानाच्या कामामुळे. रात्री-अपरात्री कुणाला रक्त लागलं की लोक आधी बाईंच्या दारात.

प्रयोगशाळेच्या कपाटातली त्यांची ती जाड वही सगळ्यांना आठवत असेल. नाव, रक्तगट, फोन आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख. त्या तारखेच्या रकान्याला बाई फार जपायच्या, पुरुष असेल तर तीन महिने आणि स्त्री असेल तर चार महिने झाल्याशिवाय कितीही ओळखीचा माणूस असू दे, त्याला फोन करायच्या नाहीत.

नववीत असताना ती वही पार खिळखिळी झाली होती म्हणून नवीन वहीत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं, मी भराभर लिहीत गेले आणि एका नावापुढे ‘ओ’ लिहून निगेटिव्हचं चिन्ह लिहायचंच राहिलं. थोड्याच दिवसांत एका बाळंतिणीसाठी रात्री ओ निगेटिव्ह हवं होतं आणि नवीन वहीत तो माणूस काही सापडेना. बाईंनी शेवटी जुनी वही काढली, सुटलेली पानं जुळवत बसल्या तेव्हा कुठे नाव मिळालं. वेळेत रक्त पोचलं, पण अर्धा-पाऊण तास गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. वाटलं होतं ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, आपल्याकडे ओ निगेटिव्ह तो एकच आहे, आणि काल तो मला सापडेना.” मग सांगितलं की लँडस्टायनर या शास्त्रज्ञांनी रक्तगट मांडले १९०१ साली, आणि हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह त्यांनाच वीनर यांच्यासोबत सापडायला १९४० उजाडलं, जवळजवळ चाळीस वर्षं गेली त्या एका चिन्हासाठी. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत मी जुनी वही वाचायची आणि बाई नवीन वहीत लाल पेनने टिक करायच्या. एकही नाव सोडलं नाही.

आज मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. गट तपासताना आधी पेशी, मग सीरम म्हणजे रक्तातला पातळ द्रव, दोन्हीकडून जुळलं तरच रिपोर्टवर सही करते, आणि चिन्ह लिहिताना अजूनही हात थांबतो. बाईंचं एक म्हणणं तर इथे आल्यावरच नीट कळलं. मंडळं यायची, एका दिवसात शंभर बाटल्या देतो म्हणायची, बाई हात जोडून म्हणायच्या, एकदम शंभर नकोत, दर महिन्याला दहा द्या. लाल पेशी फ्रीजमध्ये फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स तर पाचच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. आता १४ जूनला रक्तदाता दिन म्हणून सगळीकडे एकदम शिबिरं, मोठे बॅनर, फोटो, आणि परीक्षा-सुट्ट्यांच्या दिवसांत आम्ही एकेका पिशवीसाठी फोन लावत बसतो. ग्रुपवर ‘अर्जंट रक्त हवंय’ असे मेसेज फिरतात, लावून बघावं तर गरज संपून सहा महिने झालेले असतात. खूप वाईट वाटतं. तारीख बघणारं कुणीतरी हवं ना! बाईंना लोकांनी पुढे आग्रहाने नागरी समितीचं अध्यक्ष केलं, सत्कार झाले, पण मीटिंगलासुद्धा वही पिशवीत असायचीच.

मागच्या वर्षी भेटायला गेले होते. पासष्टी उलटल्यापासून स्वतः रक्त देता येत नाही याची खंत अजून आहे त्यांना. मला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न, “निगेटिव्हवाले किती आहेत गं तुझ्याकडे?”

प्रयोगशाळा नवीन करताना ते जुनं कपाट हलवलं असं ऐकलं. त्यातल्या दोन्ही वह्या कुणी जपून ठेवल्या असतील तर प्लीज मला शाळेमार्फत कळवा, मी येऊन घेऊन जाईन. त्यातले जे अजून रक्त देऊ शकतात त्यांना मला फोन करायचे आहेत.