न्यूयॉर्कच्या जुन्या डेली: काय गेलं, काय उरलं, कुठे खावं

सेव्हन्थ अव्हेन्यूवर ५५व्या रस्त्याजवळ मी पुतण्याला घेऊन उभा होतो आणि त्याला दाखवायला काहीच नव्हतं. "इथे होती," एवढंच म्हणता आलं. त्याने मान डोलावली आणि फोनवर हवामान बघितलं.

इथे कार्नेगी डेली नावाची खाणावळ होती. १९३७ साली उघडली, ३१ डिसेंबर २०१६ला बंद झाली. तिची जवळची शेजारीण आणि जन्माची वैरीण स्टेज डेली त्याआधीच, २०१२त गेली. १९९६ ते २००१ मी याच भागात नोकरीला होतो, राहायला नदीपलीकडे जर्सी सिटीत. पगार झाला की पहिल्या शुक्रवारी आम्ही चौघं कार्नेगीत जायचो. भिंतीवर नटनट्यांचे सह्या केलेले फोटो, टेबलं एकमेकांना चिकटून, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून बसायचं. सँडविच येई ते वीतभर उंच, आत अर्धा किलोच्या आसपास मांस. दोघांत एक घेतलं तर 'शेअरिंग'चे जादा पैसे लावत, म्हणून आम्ही चौघांत दोन मागवायचो, ते पैसे भरायचो, तरी उरलेलं बांधून न्यायचो. कार्ड चालत नसे. एकदा चौघांच्या खिशात मिळून तीन डॉलर कमी पडले आणि मी ५५व्या रस्त्यावर एटीएम शोधत पळालो होतो.

आता आधी एक खुलासा. आज न्यूयॉर्कमध्ये कोपऱ्यावरच्या कुठल्याही किराणा दुकानाला डेली म्हणतात. तिथे अंडं-चीजचा पाव आणि लॉटरीची तिकिटं मिळतात. मी म्हणतोय ती पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी काढलेली खाणावळ. तिचा राजा पास्ट्रामी. बीफ बरेच दिवस खारवायचं, धणे-मिऱ्याचा जाड थर लावायचा, धुरी द्यायची आणि शेवटी वाफेवर इतकं मऊ करायचं की सुरी लावताच सुटावं. राय पाव, मोहरीची चटणी, बस. हे बीफ आहे हे आधीच सांगतो, कारण नातेवाइकांना घेऊन गेल्यावर टेबलावर ही चर्चा करायला मजा येत नाही. आमची ही खात नाही. तिच्यासाठी वेगळा रस्ता शोधलाय, पुढे सांगतो.

माझी खरी डेली मात्र कार्नेगी नव्हे, सेकंड अव्हेन्यू डेली. एब लेबेवोल यांनी १९५४त सेकंड अव्हेन्यू आणि १०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ती काढली. मार्च १९९६मध्ये बँकेत पैसे भरायला जाताना त्यांचा खून झाला, खुनी आजतागायत सापडलेला नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या गोष्टीला सात-आठ महिने झाले होते आणि लोक अजून हळू आवाजात बोलत होते. मी पास्ट्रामी मागवली आणि सवयीने दुधाची कॉफी. म्हातारा वेटर म्हणाला, दूध नाही. मला वाटलं संपलं. "संपलं नाही, मिळत नाही. मांसाबरोबर दूध नाही."

आणि मला एकदम अलिबाग आठवलं. आमच्या शेजारी बेने इस्राएली कुटुंब होतं. त्यांची आजी मटणाला नारळाचं दूध घालायची, दही कधीच नाही, आणि आम्ही मटण खाऊन वर ताक प्यायलो की तोंड वाकडं करायची. "आमच्यात नाही रे चालत बाळा," एवढंच कारण. त्या आजीचा नियम मला मॅनहॅटनमध्ये भेटला. वेटरला सांगितलं की कोकणात ज्यू आहेत, शेकडो वर्षं आहेत, घरी मराठी बोलतात, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तो खुर्ची ओढून बसलाच. "तेल?" "तेल." त्याने काळी कॉफी फुकट दिली. पुढे प्रत्येक वेळी मला बघितलं की तो लांबूनच "ऑइल!" म्हणून ओरडायचा.

ती कोपऱ्यावरची जागा जानेवारी २००६मध्ये बंद झाली, तिथे बँक आली. जाऊन बघा मात्र: फुटपाथवर यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीच्या नटांच्या नावांचे तारे बसवलेले आहेत, बरेचसे झिजलेत. एके काळी हा रस्ता यिद्दिश नाटकांचा होता. समोर चर्चपुढच्या छोट्या बागेला लेबेवोल यांचं नाव आहे. पुतण्या म्हणाला, "काका, बँकेत जायचंय का?" मी उत्तर दिलं नाही.

डेली मात्र मेली नाही. डिसेंबर २००७मध्ये ती ३३व्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड अव्हेन्यूच्या मध्ये पुन्हा उघडली. आम्ही दुपारी तीनला गेलो, लगेच टेबल मिळालं. बसल्याबसल्या काकडीचं लोणचं आणि कोबीची कोशिंबीर पुढ्यात येते, त्याचे पैसे नाहीत. त्या काकड्या म्हणजे आपल्या खारातल्या कैऱ्यांची जात: तेल नाही, तिखट नाही, मिठाचं पाणी, लसूण आणि शेपू. 'हाफ सार' हिरवीगार आणि करकरीत, 'फुल सार' जुनी, आंबट, मऊ. नवख्याने हाफपासून सुरुवात करावी. चिकन सूपमधला मात्सोचा, म्हणजे बिनखमिराच्या ज्यू पोळीच्या चुऱ्याचा, गोळा हलका होता. सर्दी झाली असेल तर दुसरं काही मागवू नका. शेवटी छोट्या पेल्यात चॉकलेट सोडा देतात. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी, असल्याने कॉफीला दूध अजूनही मिळत नाही. पुतण्याने मागितलंच.

आता कॅट्झ. १८८८ची, ईस्ट ह्यूस्टन आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावर. सगळे तिथेच जातात आणि रांग लागते म्हणून जुने लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. पास्ट्रामी हाताने कापणारी इतकी मोठी जागा आता दुसरी नाही. पण तिथली पद्धत समजून घ्या. दारात प्रत्येकाला एक तिकीट देतात. काउंटरवर जे घ्याल ते त्यावर लिहितात आणि बाहेर पडताना त्यावरून पैसे. काही न घेतलेल्यानेही कोरं तिकीट परत द्यायचं, हरवलं तर दंड आहे. आमच्या पुतण्याने कोरं तिकीट ट्रेमधल्या कागदांबरोबर कचऱ्यात टाकलं. मग काका बाही वर करून मोहरीने माखलेल्या डब्यात हात घालतायत, हे दृश्य शेजारच्या जर्मन कुटुंबाने मनापासून बघितलं. सापडलं. तेव्हा सगळ्यांचं एकाच तिकिटावर लिहून घ्या आणि बाकीची एकानेच सांभाळा.

काउंटरवर प्रत्येक कापणाऱ्याची रांग वेगळी असते. आपली पाळी आली की तो बशीत एक गरम तुकडा पुढे करतो. तो आधी खा, घाईने सँडविच सांगू नका. 'लीन' मागाल तर कोरडं मिळेल. चरबीसकट, 'ज्यूसी' म्हणा. आमच्यावाल्याचे हात बघण्यासारखे होते: डाव्या तळव्याने मांस नुसतं टेकवलेलं, सुरी न थांबता खाली-वर, आणि कडेचा काळा मिऱ्याचा पापुद्रा प्रत्येक कापात आलाच पाहिजे म्हणून अधूनमधून तुकडा फिरवणं. समोरच्या पेल्यात एक-दोन डॉलर टाका, सुटे आधीच जवळ ठेवा. सँडविच तीस डॉलरच्या आसपास पडतं, वर जवळजवळ नऊ टक्के कर. एकात दोघांचं सहज भागतं. भिंतीलगतच्या टेबलांवर वेटर येतो. पाय दुखणाऱ्यांनी तिथे बसावं, पण मग तो गरम तुकडा आणि हातांचा खेळ चुकतो, आणि टीपही वेगळी. सकाळी अकराच्या आत जा. शनिवारी दुपारी जाणाऱ्याची मला दया येते.

कॅट्झ कोशर नाही, तिथे मांसावर चीज मिळतं. अलिबागच्या आजीला सांगितलं नसतं.

न खाणाऱ्यांचा रस्ता त्याच फुटपाथवर आहे. भुयारी रेल्वेच्या एफ लाइनच्या सेकंड अव्हेन्यू स्टेशनवर उतरून ह्यूस्टनच्या दक्षिण बाजूने पूर्वेकडे चालू लागा. पहिल्यांदा योना शिमेल, १९१०चं दुकान. इथे क्निश मिळतो: पातळ पारीत बटाट्याचं सारण भरून भाजलेला, मुठीपेक्षा मोठा गोळा. बटाटेवड्याचा न तळलेला, शांत स्वभावाचा चुलतभाऊ. तळघरातून तो हाताने ओढायच्या छोट्या लिफ्टमधून वर येतो. गरम करून मागा, मोहरी लावा, आणि एकाहून जास्त घेऊ नका, पोटात दगड बसतो. हिने पर्समधून लसणीच्या चटणीची पुडी काढली. दुकानदाराने वास घेतला आणि काही बोलला नाही.

पुढे रस अँड डॉटर्स, १९१४चं. हे डेली नव्हे, 'अपेटायझिंग'. मांस आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून मासे आणि चीजची दुकानं वेगळी निघाली, हे त्यांतलं. मालकाला तीन मुली, मुलगा नाही, त्याने मुलींना भागीदार करून नावातच घातलं. खारवलेल्या माशांचे इतके पातळ काप काढतात की पलीकडचं वाचता यावं. शाकाहारींनी बियाली आणि क्रीम चीज घ्यावं. बियाली म्हणजे मध्ये खळगा करून कांदा भरलेला पाव. दुकानात आधी नंबर घ्या, मग मत बनवा. बसून खायचं तर त्यांचंच कॅफे जवळ ऑर्चर्ड रस्त्यावर आहे.

पूर्ण जेवण हवं तर सेकंड अव्हेन्यूवर बी अँड एच डेअरी, सेंट मार्क्स रस्त्याजवळ. बोळासारखी अरुंद जागा, काउंटर आणि मोजकी टेबलं. कोशर, आणि स्वयंपाकघरात मांस अजिबात नाही. मासे असतात, एवढं कडक शाकाहारींनी लक्षात ठेवा. आम्ही बीटचं सूप आणि घरच्या 'खाला' नावाच्या ज्यू पावाची लोणी थापलेली जाड तुकडी घेतली. हिचा निकाल: संपूर्ण अमेरिकेतलं पहिलं खरं जेवण.

एक चूक सांगतो. दुसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका चकचकीत, जुनं दिसायचा आव आणणाऱ्या डेलीत शिरलो. नाव लिहीत नाही. मांस यंत्राने कापलेलं, कडा सुकलेल्या, आणि लोणच्याचे चार डॉलर वेगळे. डेली ओळखायची माझी खूण आता हीच: सुरी दिसली पाहिजे आणि लोणचं न मागता आलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी ग्रँड रस्त्यावरच्या पिकल गाइज या लोणच्याच्या दुकानात गेलो, कॅट्झपासून पंधरा मिनिटं चालत. पिंपांतून काढून देतात. शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी तारखा बघून निघावं. काकड्यांच्या शेजारच्या पिंपात चक्क आंबा होता. हिने चाखला, डोळे मिटले, म्हणाली, "मीठ जास्त झालंय." तरी डबा घेतला. केबिन बॅगेत तो चालत नाही. चेक-इनच्या सामानात ठेवा, तीन पिशव्यांत बांधून. आम्ही दोनच बांधल्या होत्या.