फळं नकोत, आजोबांचा चष्मा आणा

ट्रॉमा आयसीयू म्हटलं की लोकांना हायवेवरचे अपघात आठवतात. पण पाऊस लागला की आमच्याकडे म्हातारी माणसं वाढतात. शेवाळलेल्या अंगणात घसरलेली, म्हशीनं ढकललेली, मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसून गतिरोधकावर उडालेली.

परवाचे आजोबा शिडीवरून पडले. डावीकडच्या चार बरगड्या मोडल्या, तरी चालत आले. मुलगा म्हणाला, "सिस्टर, प्लास्टर नाही, ऑपरेशन नाही, मग आयसीयू कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पंचविशीतला पोरगा एवढ्यावर बहुतेक वेळा घरी जातो. पासष्टीनंतर मात्र मोडलेल्या दर बरगडीमागे न्यूमोनियाचा आणि जिवाचा धोका चढत जातो. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकणं टाळतो आणि कफ आत साठतो. म्हणून आधी दुखणं कमी करायचं, गरज पडली तर पाठीत भुलीचा ब्लॉक द्यायचा आणि मग श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं तीन बॉलचं यंत्र ओढायला लावायचं. आजोबांना ते पोरखेळ वाटलं. वाटू दे.

नाडी ७२, वरचं बीपी ११२. नवा रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, स्टेबल आहेत. आजोबा मेटोप्रोलॉल घेणारे. आत रक्त वाहत असलं तरी ती गोळी नाडी वाढू देत नाही. शिवाय ज्याचं बीपी एरवी १५०, त्याला ११२ कमीच. तरुणात ९० खाली गेलं की आम्ही धावतो, पासष्टीपुढे ११० खालीच धावायचं. म्हणून रक्तातलं लॅक्टेट तपासायला पाठवलं (अवयवांना रक्त कमी पडलं की ते वाढतं) आणि तासातासाची लघवी मोजली.

आणि गोळ्या! "बीपीची पांढरी, हार्टची गुलाबी" यातून आम्हाला काही कळत नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा टेंगूळही साधा नसतो. वयानं मेंदू आकसतो, कवटीत जागा होते, रक्त हळूहळू साठत राहतं आणि माणूस तोवर छान गप्पा मारत असतो.

रात्री आजोबा उठून बसले. "म्हस सुटली, सोडा मला!" ऑक्सिजनची नळी ओढून काढली. मुलाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, बहुतेकदा उतरणारा. हात बांधले की तो वाढतो, झोपेचं इंजेक्शन दिलं की अनेकदा आणखी बिघडतो. चष्मा, कानातलं मशीन, दिवसा उजेड, रात्री अंधार आणि ओळखीचा आवाज यांनी जास्त फरक पडतो. भेटीला येणारे मात्र मोसंबी आणतात.

गडबड करणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो. पलीकडच्या कॉटवरची आजी दिवसभर गप्प पडून होती, सगळे म्हणत होते, किती शहाणी! तोही डिलिरियमच होता, फक्त मुका.

मी सुनेला एक प्रश्न नेहमी विचारते, मुलाला नाही: पडायच्या आधी हे दिवसभर काय करायचे? या सुनेनं सांगितलं, पहाटे धार काढून डेअरीला दूध स्वतः घालायचे, अंघोळ-कपडे सगळं आपलं आपण. सरांनी वयाच्या आकड्याखाली तेच लिहिलं आणि घरच्यांशी बोलून व्हेंटिलेटरची वेळ आलीच तर लावायचा, हेही त्याच दिवशी ठरवून टाकलं. वेळ आली नाही. चष्मा आला, तोही सुनेनंच आणला.