मराठी टंकनासाठी वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड निवडताना

मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेल्या, कीबोर्डांविषयी जे लेख वाचायला मिळतात ते बहुतेक संगणकावर खेळणाऱ्यांसाठी किंवा इंग्रजीत संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांसाठी असतात. दिवसभर देवनागरीत टंकणाऱ्या माणसाच्या गरजा निराळ्या असतात, आणि त्या कोणी फारशा विचारात घेत नाही. मी इंदूरला राहून मराठी भाषांतराचे व संपादनाचे काम करतो आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीवर लिहितो. चार ते सहा हजार रुपयांच्या मर्यादेत बराच शोध घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, पैसे आधी स्विचवर आणि कीकॅपवर, म्हणजे कळेच्या वरच्या टोपीवर, खर्च करावेत, वायरलेस जोडणीचा विचार त्यानंतर करावा, आणि रंगीत दिव्यांसाठी एक रुपयाही जास्तीचा मोजू नये.

स्विचला पहिला मान देण्याचे कारण इन्स्क्रिप्टच्या रचनेतच आहे. या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. इंग्रजीत जिथे अर्धविराम असतो तिथे ‘च’ आहे, अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’, चौकटी कंसाच्या जागी ‘ड’, तिरप्या रेघेच्या जागी ‘य’, आणि ‘पी’च्या कळेवर ‘ज’. म्हणजे इंग्रजी लिहिताना जवळजवळ मोकळी असणारी उजवी करंगळी मराठीत सतत कामाला लागते. शिवाय ख, थ, ध, भ यांसारखी महाप्राण अक्षरे शिफ्ट दाबून उमटवावी लागतात. मराठीत पावलोपावली येणारे ‘ण’ आणि ‘ळ’ही शिफ्टवरच आहेत, आणि ‘आहे’मधला ‘आ’सुद्धा. त्यामुळे डाव्या करंगळीलाही उसंत मिळत नाही. दोन्ही हातांच्या सर्वांत दुबळ्या बोटांवर एवढा भार पडत असेल, तर कळ किती जोराने दाबावी लागते हा प्रश्न गौण राहत नाही.

चेरी या जर्मन कंपनीच्या स्विचांवरून रूढ झालेली रंगांची भाषा आता बहुतेक उत्पादक वापरतात. लाल स्विच सरळ खाली जातो आणि त्याला साधारण 45 ग्रॅम दाब लागतो; तपकिरी स्विचला मधे एक हलका उंचवटा जाणवतो आणि तो 55 ग्रॅमच्या आसपास असतो; निळा 60 ग्रॅमच्या घरात जातो आणि प्रत्येक दाबाला टक् असा आवाज करतो. चेरीच्या मूळ स्विचमध्ये कळ सुमारे 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर 2 मिलिमीटरवरच उमटते, म्हणून तळापर्यंत दाबण्याची सवय सोडली की बोटांचे श्रम खरोखरच कमी होतात. चेरीच्या पेटंटची मुदत 2014च्या सुमारास संपली आणि गेटरॉन, कैल, औटेमू या चिनी कंपन्यांचे स्विच बाजारात भरभरून आले. आज मेकॅनिकल कीबोर्ड मध्यमवर्गीय खिशाला परवडतो तो यामुळेच.

इंदूरकरांना निळ्या स्विचचा आवाज नवा नाही. भंवरकुवा भागातल्या टायपिंग क्लासच्या जिन्यावरून जाताना जो कडकडाट ऐकू येतो, तो बहुधा टीव्हीएस गोल्डचा असतो. तारेचा, दणकट आणि वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणारा हा कीबोर्ड आपल्याकडच्या बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी मेकॅनिकल हा शब्द ऐकण्याआधीच आपलासा केला होता. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकनासाठी रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट या दोन्ही मांडण्या चालतात, आणि तिचा सराव करणाऱ्या मुलांची याच कीबोर्डावर मोठी भिस्त असते. माझ्या मते तो आवाज क्लासमध्येच शोभतो. दोन खोल्यांच्या घरात, शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना, रात्री अकरानंतर निळ्या स्विचवर काम करणे म्हणजे घरातल्या शांततेशी उघड वैर धरणे होय. मी लाल स्विचच्या बाजूने आहे. ज्यांना अक्षर उमटल्याची खूण बोटाला हवीच असते त्यांनी तपकिरी घ्यावा.

आकाराबाबत माझा आग्रह 75 टक्के मांडणीचा, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा गट वगळून आटोपशीर केलेल्या कीबोर्डाचा, आहे. 60 टक्क्यांचे इटुकले कीबोर्ड दिसायला गोजिरवाणे असतात, पण त्यांत बाणांच्या, होम, एंड आणि डिलीटच्या कळा वेगळ्या नसतात आणि काही कीबोर्डांत ते काम उजव्या बाजूच्या कळांवरच दुहेरी सोपवलेले असते. मसुदा तपासताना बाणांच्या कळा वारंवार लागतात, आणि जिथे ‘य’ किंवा ‘ट’ आहे त्याच परिसरात ही दुहेरी कसरत करणे मला मान्य नाही. रॉयल क्लजचा 84 कळांचा आरके84 आणि औलाचा एफ75 हे या आकाराचे सहज मिळणारे पर्याय आहेत. याच संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: खेळणाऱ्यांसाठी बनवलेल्या अनेक कीबोर्डांवर फंक्शन आणि विंडोज या कळा एकत्र दाबल्या की विंडोज कळ कुलूपबंद होते. मग विंडोज आणि स्पेस दाबून मराठी-इंग्रजी बदलण्याची सोय अचानक बंद पडते आणि माणूस भाषेच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

जेल रोडवरच्या दुकानांत कीबोर्ड मागितला की विक्रेता प्रथम त्याचे दिवे लावून दाखवतो आणि ‘भिया, सोलह तरह की लाइट है’ असे अभिमानाने सांगतो. मराठी टंकणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. कळांवर अक्षरे इंग्रजी असतात. देवनागरी स्टिकर चिकटवले की खालून येणारा प्रकाश झाकला जातो, आणि मांडणी पाठ झालेली असेल तर कळांकडे पाहायचेच नसते. वर, बॅटरीचा मोठा वाटा हे दिवेच खातात. 4000 एमएएच बॅटरीचा कीबोर्ड दिवे बंद ठेवल्यास आठवडेच्या आठवडे चालतो आणि लावून ठेवल्यास काही दिवसांत चार्जिंगला लावावा लागतो. दिव्यांऐवजी कीकॅप कशाचे आहेत ते विचारावे. एबीएस प्लास्टिक बोटांच्या घर्षणाने गुळगुळीत होऊन तेलकट चमकू लागते. पीबीटी हे दुसरे प्लास्टिक खरखरीत राहते आणि पुष्कळ अधिक टिकते. इन्स्क्रिप्टवर ही चमक सर्वांत आधी हलन्ताच्या आणि काना-वेलांटीच्या कळांवर चढते.

जोडणीचे प्रकार तीन: ब्लूटूथ, 2.4 गिगाहर्ट्‌झचा डोंगल (संगणकाच्या यूएसबी पोर्टात लावायचा छोटा रिसीव्हर) आणि तार. ब्लूटूथवर एकच कीबोर्ड लॅपटॉप, फोन आणि टॅबलेट यांच्यात फिरवता येतो, ही सोय मोठी आहे. परंतु बॅटरी वाचवण्यासाठी कीबोर्ड थोडा वेळ स्वस्थ राहिला की झोपी जातो, आणि जागा होईपर्यंत दाबलेली पहिली एकदोन अक्षरे कधीकधी गळतात. इंग्रजीत तेवढी चूक चटकन दिसते. मराठीत व्यंजन गळून नुसती मात्रा उरली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते किंवा आधीच्या अक्षराला जाऊन चिकटते. सलग कामासाठी म्हणूनच डोंगल बरा. तो यूएसबी 3.0च्या पोर्टात, चालू हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नये, कारण त्या पोर्टातून होणारा विद्युत-गोंधळ 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो आणि कळा अडखळू लागतात. लहानशा एक्स्टेन्शन तारेने डोंगल दूर नेला की तक्रार बहुधा मिटते.

हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपसून बदलण्याची सोय, या किमतीत आता मिळते आणि ती अवश्य घ्यावी. एखादीच कळ बिघडली तर सबंध कीबोर्ड टाकून द्यावा लागत नाही. मात्र काही स्वस्त कीबोर्डांतले सॉकेट, म्हणजे स्विच बसवण्याच्या खाचा, फक्त औटेमूच्या बारीक पिनांसाठी बनवलेले असतात. त्यांत गेटरॉनचा स्विच घुसवायला गेल्यास पिना वाकतात. सॉकेट तीन पिनांचे आहे की पाच पिनांचे, आणि कोणत्या कंपन्यांचे स्विच चालतात, हे खोक्यावर नसेल तर विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.

खोके हातात आहेच, तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही हेही पाहावे. वायरलेस कीबोर्ड 2012च्या आदेशापासून सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. तो क्रमांक नसलेला, परस्पर आयात केलेला माल पाचशे रुपये स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही, कारण आत लिथियमची बॅटरी असते आणि तसल्या मालाची वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच टिकते.