एक ऑगस्ट कोणाचा?

छकुलीला उद्या परिपाठात दिनविशेष सांगायचाय. वेळ कमी असतो, एकच सांगा, असं बाईंनी बजावलंय. तिनं वही पुढे केली. "टिळक घेऊ की अण्णाभाऊ?" जेवण झाल्यावर बघू, मी म्हणाले. ती झोपलीसुद्धा, मी बसलेय.

नुसती तारीख एक असती तर एवढं लागलं नसतं. दिवसच एक आहे. १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. मग भर पावसात ती अफाट अंत्ययात्रा, चौपाटीपर्यंत. आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, गावकुसाबाहेरच्या घरात, वालुबाईंना मुलगा झाला. तुकाराम. पुढे अण्णाभाऊ साठे. टिळक गेल्याची बातमी त्या घरापर्यंत कधी पोचली असेल? पोचली तरी बाळंतिणीच्या घरात त्याचं काय झालं असेल? असहकाराची सुरुवातही त्याच दिवशी झाली, पण माझं मन वाटेगावातून हलत नाही.

आमच्या शाळेत एक ऑगस्ट म्हणजे टिळक पुण्यतिथी, वक्तृत्व स्पर्धा, शेंगांची टरफलं. संध्याकाळी पुलापलीकडच्या वस्तीत हलगी कडाडायची. तिकडे जयंती असायची. आमच्याकडचं कोणी पूल ओलांडत नसे. एका दिवसाचे दोन भाग करून आम्ही ते वाटून घेतले होते, आणि आता एकच निवडायला माझ्याच मुलीला सांगतायत. याचा राग येतोय. बाईंचा नाही. कुणाचा, तेही धड सांगता येत नाही.

उद्या आबांचाही दिवस. दादाचा फोन नाही. वहिनीचाही नाही. मीच का दरवर्षी... जाऊ दे.

त्यांना कुठल्या दिनविशेषात जागा मिळणार? आणि नाही मिळाली तर नाही. सकाळी पान वाढेन, तेवढं माझ्या हातात आहे. तारीख सगळ्यांना पुरते, आबांनाही पुरेल.

वहीत दोन वाक्यं लिहून ठेवलीत. पहिलं वाटेगावचं, दुसरं सरदारगृहाचं. साल दोन्हींत घातलंय, म्हणजे ऐकणाऱ्या पोरांच्या लक्षात येईल. अर्धा मिनिटही लागणार नाही. बाई काही बोलल्याच, तर मी शाळेत जाऊन त्यांच्याशी बोलेन.