कानानं, नाकानं आणि हातानं

शाळेच्या या स्मरणिकेत शिस्तीवर आणि संस्कारांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी पेशानं डॉक्टर. मला कुतूहल वेगळंच आहे. शाळेत शिकलेल्यातलं नेमकं काय टिकलं आणि ते कोणत्या वाटेनं आत शिरलं?

आमचे विज्ञानाचे सर नादकाटा (आपटला की घुमत राहणारा धातूचा दुबोटी काटा) रबरी ठोकळ्यावर आपटून आधी कानाजवळ धरत, मग पाण्याला टेकवत. पाणी तडतडून उडायचं आणि वर्ग खूश व्हायचा. पण सर तेवढ्यावर सोडत नसत. काट्याची दांडी कोपराच्या हाडावर टेकवायला लावून विचारत, "ऐकू येतंय, की जाणवतंय?" आज मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर मी १२८ हर्ट्झचा नादकाटा टेकवते आणि कंप कधी थांबला ते सांगा म्हणते. नसा बधिरल्या असतील तर रुग्णाला तो कंप कळतच नाही किंवा फार लवकर थांबल्यासारखा वाटतो. गंमत अशी, की काहीजण आवाज ऐकून उत्तर देतात. मग सरांचाच प्रश्न विचारावा लागतो.

रसायनाचा तास नाकाचा. अमोनियाच्या परीक्षानळीवर वाकायचं नाही, हातानं वारा घालून वास आपल्याकडे आणायचा. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातात. वासाचा संदेश तो टप्पा गाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांजवळ पोचतो. म्हणून अमोनियाचा भपकारा आला की ती प्रयोगशाळा, ते ओले टेबल, तोंडी परीक्षेची धास्ती सगळं एकदम उभं राहतं. सूत्र मात्र त्या वासानं कधी आठवलं नाही. ते घोकावंच लागलं.

पाढे आम्ही सामुदायिक सुरात म्हणायचो. आजही सतराचा पाढा मला मधूनच विचारला तर अडखळायला होतं. पहिल्यापासून सुरात धरला की जीभ आपली आपण पुढे जाते. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला हाक मारते. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी ही सोय लक्षात घ्यावी. तिची मर्यादाही त्यातच दिसते, हेही खरं.

हल्ली पालक दवाखान्यात सांगतात, "आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारी आहे, तिला ऐकून कळत नाही." कुठलीशी प्रश्नावली भरून हा शिक्का मारलेला असतो. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येतं असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. आवडनिवड प्रत्येकाची असते, त्याबद्दल वाद नाही. पण हृदयाचे ठोके आकृती पाहून ओळखता येत नाहीत आणि नकाशा नुसता ऐकून कळत नाही. कोणतं इंद्रिय कामाला लावायचं हे बहुधा विषयच ठरवतो. दहा वर्षांच्या पोरीला "तू कानानं शिकणारी नाहीस" असं सांगून टाकणं मला तर अन्यायाचंच वाटतं.

भूगोलाच्या बाईंची तऱ्हा आणखी निराळी. नकाशा फळ्यावर टांगायच्या, नद्यांवरून प्रत्येकाला बोट फिरवायला लावायच्या आणि ऐन रंगात आलं की नकाशा गुंडाळून म्हणायच्या, "आता काढा." आम्ही मनातल्या मनात चरफडायचो. पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. बाईंनी हा निबंध वाचलेला असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तो लिहिलाच गेला नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटानं गिरवलेलं डोक्यातून परत बाहेर काढायला लावलं नाही तर ते मुरत नाही, हे त्यांना वर्गात उभं राहूनच कळलं असावं.

नव्या वर्गांत मोठे पडदे बसणार आहेत असं ऐकते. बसू देत, नकाशे त्यावर छानच दिसतील. फक्त दाखवून झाले की पडदा बंद करून मुलांपुढे कोरे कागद ठेवा. कागदांचा खर्च आमची तुकडी उचलेल.