दोन हायड्रोजनचं अंतर

इथिलिनच्या रेणूत दोन कार्बन आणि चार हायड्रोजन. अ‍ॅसिटिलिनमध्ये दोन कार्बन आणि दोनच हायड्रोजन. गुजरातमधल्या एका क्रॅकरवर, म्हणजे तेलातले मोठे रेणू तोडून छोटे करणाऱ्या कारखान्यात, मी नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं या दोन हायड्रोजनच्या फरकावर नजर ठेवण्यात गेली. आता निवृत्त होऊन डिचोलीला घरी असतो. पेट्रोकेमिकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भट्ट्या, उंच मनोरे आणि फ्लेअरची ज्वाळा येते. माझ्या लेखी त्या सगळ्या पसाऱ्यातलं सर्वांत बुद्धीचं यंत्र म्हणजे बाहेरून साध्या टाकीसारखं दिसणारं अ‍ॅसिटिलिन कन्व्हर्टर. आत हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. फक्त उत्प्रेरकाच्या गोळ्या भरलेल्या असतात.

माझी भाची पणजीला रसायनशास्त्र शिकते. परवा ती म्हणाली, "मामा, उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो एवढंच आम्हांला शिकवलंय. मग नको तिथे तिला थांबवतं कोण?" प्रश्न इतका नेमका होता की तोंडी उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात कच्च्या मालापासून करतो. २०१९ च्या ऑक्टोबरात 'नू शी नलिनी' हे नाफ्ता भरलेलं जहाज दोनापावलाला राजभवनाजवळ खडकांत अडकलं, तेव्हा नाफ्ता हा शब्द गोव्यात घरोघरी पोचला. पेट्रोलच्याच कुळातला हा हलका द्रव. तो वाफेबरोबर नळ्यांमधून ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला नेतात. आत राहण्याची मुदत सेकंदाच्या काही दशांशांइतकी, आणि बाहेर पडताक्षणी गार करायचा. एवढ्यात लांब साखळ्या तुटतात आणि दुहेरी बंध असलेले छोटे रेणू तयार होतात. तेच हलके ऑलिफिन. शंभर किलो नाफ्त्यातून साधारण तीसेक किलो इथिलिन आणि पंधराएक किलो प्रॉपिलिन मिळतं. पाण्याच्या बाटलीच्या टोपणापासून बाजारातल्या पिशवीपर्यंत आणि शेतातल्या ठिबकच्या नळीपर्यंत सगळं पुढे यांचंच. मुंबई–गोवा रस्त्याने जाताना लागतं त्या नागोठण्याचा क्रॅकर नाफ्त्यावर नव्हे, वायूतून वेगळ्या केलेल्या इथेन–प्रोपेनवर उभा राहिला. पण भट्टीतला प्रकार तोच.

या भट्टीत उत्प्रेरक नसतो. तोडफोड निव्वळ उष्णतेची, आणि उष्णतेला निवड करता येत नाही. त्यामुळे हव्या त्या रेणूंबरोबर नको ते रेणूही निघतात. दोन कार्बनच्या प्रवाहात अ‍ॅसिटिलिन साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. ऐकायला थोडं वाटतं. पण पुढे इथिलिनपासून पॉलिथिलिन हे प्लास्टिक बनवणारा उत्प्रेरक इतका नाजूक असतो, की त्याला इथिलिनमध्ये अ‍ॅसिटिलिन दहा लाख भागांत ५ भागांहून कमी, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी १ भागाहून कमी लागतं. साखळी वाढवायची त्याची जागा अ‍ॅसिटिलिन अडवून बसतं आणि साखळी तिथेच खुंटते.

मग ऊर्ध्वपातनाने वेगळं का करत नाहीत, असं वाटेल. इथिलिन उणे १०४ अंशांना उकळतं, इथेन उणे ८९ ला, आणि अ‍ॅसिटिलिन उणे ८४ च्या आसपास वायू होतं. इथेनशी तर त्याचा स्थिरक्वाथी मिश्रणाचा संबंध आहे, म्हणजे दोघं मिळूनच उकळतात. शिवाय अ‍ॅसिटिलिन दाबाखाली साठू देणं धोक्याचं असतं, हवेशिवायही ते स्फोट होऊन विघटित होऊ शकतं. जिथे ते असण्याची शक्यता तिथे तांब्याचा भाग बसवायचा नाही, हा आम्हांला रुजू झाल्यावर दिलेला पहिला धडा. तांब्याशी त्याचं जे संयुग होतं ते धक्क्याने फुटतं.

म्हणून त्याला बाहेर काढण्यापेक्षा त्याचंच इथिलिन करायचं. कमी पडलेले दोन हायड्रोजन देऊन टाकायचे. अडचण अशी, की हायड्रोजन दिला की तो इथिलिनलाही लागू शकतो, आणि मग भट्टीत एवढी उष्णता ओतून मिळवलेलं इथिलिन परत इथेन होऊन बसतं. अ‍ॅसिटिलिनच्या एका रेणूमागे इथिलिनचे पन्नास ते दोनशे रेणू आजूबाजूला. त्या गर्दीतून एकालाच हात लावायचा आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचं. ऑलिफिन बनवण्याच्या धंद्यात याहून अवघड मागणी मी कुठल्या उत्प्रेरकाकडे केलेली पाहिली नाही.

हे काम पॅलॅडियम करतं. अल्युमिनाच्या, म्हणजे अल्युमिनियम ऑक्साइडच्या, काही मिलिमीटरच्या गोळीवर ते वजनाने टक्क्याच्या काही शतांशांइतकंच असतं, आणि तेही गोळीभर नाही. फक्त बाहेरच्या पातळ कवचात. आतपर्यंत पॅलॅडियम असतं तर तयार झालेलं इथिलिन छिद्रांतून बाहेर पडायच्या आत पुन्हा हायड्रोजनच्या तावडीत सापडलं असतं. कवच पातळ ठेवलं की ते लगेच निसटतं.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. पॅलॅडियम थांबवत नाही. ते दोन्ही अभिक्रियांचा वेग वाढवू शकतं. पण अ‍ॅसिटिलिन त्याच्या पृष्ठभागाला इथिलिनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं. देवळातल्या पंगतीत पाहुणे बसलेले असेपर्यंत घरच्या मंडळींना पान मिळत नाही, तसं अ‍ॅसिटिलिन शिल्लक असेपर्यंत इथिलिनला जागा मिळत नाही. अ‍ॅसिटिलिनचं इथिलिन झालं की त्याची पकड सैल होते आणि ते उठून जातं. निवड होते ती या पकडीच्या फरकामुळे.

यातूनच पुढचं संकट येतं. बेडच्या, म्हणजे गोळ्यांच्या थराच्या, शेवटाकडे अ‍ॅसिटिलिन संपत आलेलं असतं आणि जागा मोकळ्या पडू लागतात. तिथे इथिलिन बसणार. अ‍ॅसिटिलिनच्या हायड्रोजनीकरणात प्रत्येक मोलमागे सुमारे १७५ किलोज्यूल उष्णता निघते, इथिलिनच्या हायड्रोजनीकरणात सुमारे १३७. फरक असा, की अ‍ॅसिटिलिन संपतं. इथिलिन संपत नाही. एकदा ती दुसरी अभिक्रिया पेटली की तापमान वाढतं, तापमानाने वेग वाढतो, वेगाने आणखी तापमान. यालाच रनअवे म्हणतात. आमचे शिफ्ट इन्चार्ज नव्या पोराला पॅनलवर बसवताना सांगायचे, आधी बेडची तापमानं वाच, अ‍ॅनालायझर नंतर. बाहेर पडणारा वायू तपासून अ‍ॅनालायझर सांगतो ते होऊन गेलेलं असतं. बेडमधली थर्मोकपलं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, आत्ता काय चाललंय ते सांगतात. या क्रमावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

त्याला आवर घालायला दोन सोबती असतात. पहिली चांदी. पॅलॅडियममध्ये चांदी मिसळली की पॅलॅडियमचे मोठे सलग पट्टे तुटून छोटे होतात, इथिलिनची पकड आणखी सैल होते, आणि स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेण्याची पॅलॅडियमची सवयही मंदावते. ही सवय मोडणं फार गरजेचं, कारण पोटातला तो हायड्रोजन वाटेल त्याला लागू होतो. दुसरा सोबती कार्बन मोनॉक्साइड. एरवी विष म्हणून ओळखला जाणारा हा वायू इथे अगदी थोड्या प्रमाणात हवाच असतो. तो मोकळ्या जागांवर बसून राहतो, अ‍ॅसिटिलिन आलं तर त्याला जागा देतो, इथिलिनला मात्र सहज देत नाही.

कन्व्हर्टर प्रवाहात कुठे बसवलाय त्यावर कष्ट ठरतात. सगळा हायड्रोजन आधीच वेगळा केल्यानंतर बसवला, तर आपण मोजून हायड्रोजन द्यायचा. भट्टीनंतर लगेचच्या टप्प्यात बसवला, तर हायड्रोजन भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइड भट्टीतूनच येणार. तिथे भट्टीच्या नळ्यांवर दिली जाणारी गंधकाची मात्रा जरी बदलली तरी मोनॉक्साइड बदलतं. ते वाढलं की उत्प्रेरक मंदावतो आणि अ‍ॅसिटिलिन पुढे निसटतं. ते अचानक उतरलं तर उत्प्रेरक मोकळा सुटतो. पहिल्याने माल स्पेकबाहेर, म्हणजे ठरलेल्या शुद्धतेबाहेर, जातो. दुसऱ्याने बेड जातो. म्हणून भट्टी चालवणाऱ्याने काहीही बदल करण्याआधी कन्व्हर्टरच्या पॅनलला फोन करावा, हा नियम लेखी असो नसो, पाळलाच पाहिजे.

एवढं करूनही अ‍ॅसिटिलिनचे काही रेणू हायड्रोजन घेता घेता एकमेकांनाच जोडले जातात. चार कार्बनचे, सहाचे, आणि पुढे जड तेल. त्याला प्लांटवर ग्रीन ऑइल म्हणतात. ते छिद्रांत साचतं, उत्प्रेरक थकतो, मग तेवढंच काम करून घ्यायला आत जाणाऱ्या वायूचं तापमान हळूहळू वाढवत न्यावं लागतं. वाढवायला जागा उरली नाही की प्रवाह शेजारच्या राखीव बेडवर वळवायचा आणि थकलेल्या बेडमधलं तेल वाफ आणि हवा देऊन सावकाश जाळून काढायचं. हवा जास्त झाली तर पॅलॅडियमचे कण वितळल्यासारखे एकत्र येऊन मोठे होतात आणि गोळी कायमची निकामी होते. या कामात घाई करणाऱ्या माणसाला मी बेडजवळ उभं करणार नाही.

आता थोडं आंब्याकडे वळतो, कारण हेच दोन वायू आपल्या बाजारातही आहेत. म्हापशाच्या बाजारात मानकुराद यायला लागला की कार्बाइडची चर्चा सुरू होते. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की त्यातून अ‍ॅसिटिलिन निघतं. फळ स्वतः पिकताना सोडतं ते इथिलिन. अ‍ॅसिटिलिन त्याची नक्कल करतं, पण पुष्कळ जास्त प्रमाणात लागतं, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते. म्हणून कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे आणि इथिलिन वायूला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. फळाच्या पेशीत इथिलिन ओळखणारं जे प्रथिन असतं, त्यात तांब्याचा अणू असतो. तिथे चांदी पोचली की फळाला इथिलिन ओळखूच येत नाही. कार्नेशनची तोडलेली फुलं टिकवायला चांदीचा क्षार वापरतात तो यामुळेच. झाडाच्या पेशीत आणि आमच्या कन्व्हर्टरमध्ये, दोन्हीकडे इथिलिन दुहेरी बंधाने धातूला धरतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

प्रॉपिलिनची गोष्ट वेगळी. त्यातही तीन कार्बनचे मिथिल अ‍ॅसिटिलिन आणि प्रॉपाडाइन काढावे लागतात, उपाय तोच, त्यात फार शिरत नाही. पण प्रॉपिलिन मिळवण्याच्या वाटा जास्त आहेत आणि तिथे मात्र उत्प्रेरक सुरुवातीपासून कामाला लागतो. रिफायनरीच्या कॅट क्रॅकरमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाने जड तेल तोडणाऱ्या यंत्रात, झेडएसएम-५ नावाचा झिओलाइट (सूक्ष्म वाटा असलेला स्फटिक) मिसळला की प्रॉपिलिन वाढतं. त्याच्या वाटा साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास रुंद (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). सरळ साखळीचे रेणू आत शिरून तुटतात, फांद्या फुटलेले जाड रेणू बाहेर राहतात. आकार पाहून निवड करणारा हा उत्प्रेरक. इंडियन ऑइलच्या फरीदाबादच्या संशोधन केंद्राने हलक्या ऑलिफिनसाठी विकसित केलेलं इंडमॅक्स तंत्र पारादीपच्या रिफायनरीत चालतं, याचा मला अभिमान वाटतो. मिथेनॉलपासून ऑलिफिन करणाऱ्या सापो-३४ या उत्प्रेरकाची दारं आणखी अरुंद, ३.८ अँगस्ट्रॉमची. त्यातून मुख्यतः इथिलिन आणि प्रॉपिलिनच बाहेर पडतात. चीनने कोळशापासून मिथेनॉल आणि त्यापासून प्लास्टिक, हा उद्योग याच दारांवर उभा केला.

तिसरी वाट प्रोपेनमधून दोन हायड्रोजन काढून घेण्याची, म्हणजे कन्व्हर्टरच्या नेमकी उलट. अलिबागजवळ उसरला गेल कंपनीने वर्षाला पाच लाख टनांचा असा प्रकल्प हाती घेतला आहे. गोव्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर. इथे तापमान साडेपाचशे ते साडेसहाशे अंश लागतं आणि त्या तापमानाला उत्प्रेरकावर कार्बन साचतोच. काही ठिकाणी प्लॅटिनमला कथिलाची जोड देतात. चांदी तिकडे जे करते तेच कथील इथे करतं, सलग पट्टे तोडतं. त्या गोळ्या सतत खाली सरकत असतात आणि बाहेर जाऊन जळून साफ होऊन परत येतात. काही ठिकाणी क्रोमियम ऑक्साइडचे स्थिर बेड असतात. ते काही मिनिटं काम करतात, मग हवा सोडून त्यांच्यावरचा कार्बन जाळतात, आणि त्याच उष्णतेवर पुढची फेरी चालते.

पॅलॅडियमला स्वस्त पर्याय शोधण्याचं कामही चालू आहे. २००८ मध्ये डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅसिटिलिन आणि इथिलिनची पकड आधी संगणकावर मोजली आणि त्यावरून निकेल–जस्त मिश्रधातू सुचवला. मग तो प्रयोगशाळेत करून पाहिला, आणि निवड खरोखरच चांगली निघाली. आमच्या वेळी मिश्रण बदलायचं, बेड भरायचा आणि वाट पाहायची, हीच रीत होती.

गोव्यात क्रॅकर यावा असं मी म्हणणार नाही. १९९५ चं केरीचं नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरोधी आंदोलन आठवणारा कुणीही म्हणणार नाही, आणि आपल्या नद्यांची रुंदी पाहता ते बरोबरच आहे. पण इथल्या मुलांनी ही विद्या शिकावी, बाहेर जाऊन ती चालवावी, सुधारावी, असं मला मनापासून वाटतं. भाचीला पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी प्लांटवर प्रशिक्षणाला जायचंय. तिला मी सांगितलं, उसरसारख्या ठिकाणी संधी मिळाली तर रिअ‍ॅक्टरची उंची बघत बसू नकोस गो. तीन गोष्टी विचार. उत्प्रेरकावरचा कार्बन कसा आणि किती वेळाने जाळतात? उत्प्रेरक शेवटचा बदलल्यानंतर त्याची निवडीची क्षमता किती शिल्लक आहे? आणि बेडमधली तापमानं कोण वाचतं, किती वेळाने?