खोडलेला ठिपका

"सर, शनिवारचा हा तारा आज जागेवर नाहीये." लाल टॉर्चच्या उजेडात तिने वही पुढे केली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गणित शिकवतो आणि पावसाळा सरला की मुलांना माळावर नेऊन आकाश कागदावर उतरवायला लावतो. दुर्बिणीत जेमतेम अर्धा अंश आकाश मावतं. प्रत्येकाला एकेक तुकडा वाटून दिलेला; तिच्या वाट्याला मीन राशीतला आला होता. शनिवारच्या चित्राशी बुधवारचं आकाश ताडून पाहिलं, तर सगळे तारे जिथल्या तिथे आणि एकच ठिपका पश्चिमेला सरकलेला. फार नाही, चंद्रबिंबाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका.

"शनिवारी घाईत चुकला असेल. खोड तो," मी म्हणालो आणि पुढच्या मुलाकडे वळलो. तिने निमूट खोडला.

परतीच्या वाटेवर गाडीत एकदम लख्ख पडलं. घरी पोचल्या पोचल्या ग्रहांची स्थानं काढून पाहिली. तो नेपच्यून होता.

झोप लागली नाही. कारण हीच गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. पॅरिसमध्ये लालांद या खगोलशास्त्रज्ञाच्या वेधशाळेत 8 आणि 10 मे 1795 ला हाच ग्रह तारा म्हणून नोंदला गेला. दोन नोंदी जुळेनात, तेव्हा पहिली चुकीची ठरवली गेली. ग्रह हाती येऊन निसटला, तो पुढची 51 वर्षं.

मग ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाचं गणित आलं. एरवी ग्रह माहीत असतो आणि त्याची ओढ काढायची असते. इथे हातात होतं ते फक्त युरेनसचं गणिताने काढलेल्या वाटेवरून ढळणं. त्यावरून ओढणारा शोधायचा होता. वस्तुमान, अंतर, कक्षा, सगळंच अज्ञात! फळ्यावर हे मांडताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. ल व्हेरिएने त्या ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 36 पट काढलं, प्रत्यक्षात ते 30 पट निघालं. दिशा मात्र एका अंशाच्या आत बरोबर होती. इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स नावाचा तरुण गणितज्ञ याच गणिताला भिडला होता. केंब्रिजच्या वेधशाळेतल्या चॅलिसने ऑगस्ट 1846 मध्ये तो ग्रह दोनदा नोंदलासुद्धा, पण नोंदी वेळेवर ताडून पाहिल्या नाहीत.

बर्लिनच्या वेधशाळेत गाले या खगोलशास्त्रज्ञाला ल व्हेरिएचं पत्र 23 सप्टेंबरला मिळालं आणि त्याच रात्री शोध सुरू झाला. नुकताच छापलेला ताऱ्यांचा नकाशा घ्यावा, हे सुचलं दारे नावाच्या तरुण विद्यार्थ्याला. गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत गेला, दारे नकाशावर बोट ठेवत गेला, आणि एका ताऱ्याशी तो थांबला: हा नकाशात नाही. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला.

गालेने त्या विद्यार्थ्याचं ऐकलं होतं. मी माझ्या विद्यार्थिनीचं ऐकलं नाही.

सकाळी पहिल्या तासाआधीच तिला गाठलं. "तुझं बरोबर होतं गं. चूक माझी." ती काही बोलली नाही, वही काढून खिडकीपाशी गेली आणि पान तिरपं धरलं. तिची पेन्सिल दाबून चालते. खोडलेल्या जागी बारीक खळगा उरला होता. त्यात तिने टोक टेकवलं, ठिपका पुन्हा भरला आणि शेजारी तारीख घातली. मग पट्टी मागितली, दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायला.